उभ्या झाडावरचं कलम

थांबू नका. हे आधी सांगून टाकतो, कारणं मागाहून देतो.

प्रश्न विचारणाऱ्या ताई गोव्यातल्या डिचोलीच्या. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा, म्हणजे बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा वेगाने वाढणारा कर्करोग. आर-चॉप या केमोचे सहा डोस झाले, पेट स्कॅन स्वच्छ आला, घरात सत्यनारायण झाला आणि आठव्या महिन्यात काखेत पुन्हा गाठ. मुंबईच्या डॉक्टरांनी कार-टी सुचवलंय, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी काढून, बदलून कर्करोगावर सोडायचा उपचार. खर्चाचा आकडा ऐकून घर हादरलं. नेमका त्याच आठवड्यात कुणीतरी एक व्हिडिओ पाठवला की आता पेशी काढायला नकोत, लॅब नको, सलाइनमधून एक औषध गेलं की शरीर आतल्या आत कर्करोग मारणाऱ्या पेशी बनवतं. ताई विचारतात, ‘हे वर्षभरात स्वस्तात येणार असेल तर आम्ही थांबावं का?’

व्हिडिओ खोटा असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो खरा आहे, फक्त अर्धा आहे.

आज मिळणारं कार-टी कसं होतं ते थोडक्यात सांगतो. रुग्णाला यंत्राला जोडून काही तास रक्त फिरवतात, त्यातल्या पांढऱ्या पेशी बाजूला घेतात आणि बाकीचं रक्त परत देतात. त्या पेशींपैकी टी-पेशी, म्हणजे शत्रूला मारणाऱ्या पेशी, प्रयोगशाळेत निवडून जाग्या करतात आणि निष्प्रभ केलेल्या लेंटिव्हायरस या विषाणूच्या पाठीवरून त्यांच्यात एक नवा जीन घालतात. त्या जीनमुळे पेशीच्या अंगावर एक जोडीव अवयव उगवतो, त्यालाच ‘कार’ म्हणतात. त्याचं बाहेरचं टोक प्रतिपिंडाचं, आतलं टोक टी-पेशीचं. बाहेरच्या टोकाने शत्रू ओळखायचा आणि आतल्या टोकाने ‘मार’ असा हुकूम द्यायचा. ही जोडणी इस्रायलच्या झेलिग एश्हार यांनी १९८९ मध्ये दाखवली होती, म्हणजे कल्पना नवी नाही. लिम्फोमात शत्रूची खूण असते सीडी१९. ती निरोगी बी-पेशींवरही असते, म्हणून त्याही मरतात. पण माणूस बी-पेशींशिवाय जगू शकतो. संसर्ग सांभाळावे लागतात, प्रसंगी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, द्यावं लागतं.

या पेशी वाढवतात, तपासतात, गोठवतात. इकडे रुग्णाला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो देऊन आतल्या लिम्फोसाइट्स, म्हणजे याच जातीच्या जुन्या पांढऱ्या पेशी, कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना जागा आणि खाऊपिऊ मिळतं. मग एके दिवशी द्रव नायट्रोजनच्या वाफेतून एक छोटी पिशवी बाहेर येते. खाटेशेजारी ३७ अंशांच्या पाण्यात ती वितळवतात आणि लगेच शिरेत सोडतात. खोलीत लसणीसारखा वास पसरतो. तो पेशी गोठवताना वापरलेल्या रसायनाचा असतो. तळहाताएवढी पिशवी आणि काही मिनिटांचा खेळ. नातेवाईक हमखास विचारतात, ‘एवढंच?’

या ‘एवढंच’च्या मागे कित्येक आठवडे असतात. अमेरिकेत पहिल्या कार-टीला ऑगस्ट २०१७ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा किंमत होती ४,७५,००० डॉलर, तेव्हाच्या हिशेबाने ३ कोटी रुपयांच्या घरात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभं राहिलेलं नेक्सकार१९ हे कार-टी ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे मंजूर झालं आणि आकडा ३० ते ४० लाखांवर आला. जगाच्या मानाने हे मोठंच काम. पण गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेची आखणी मोठ्या कुटुंबाला वर्षाला ४ लाख अशी होती. उरलेली रक्कम म्हणजे परसबाग विकायची की सोनं, असा प्रश्न. ताईंच्या घरी सध्या तीच चर्चा चालू आहे.

आता व्हिडिओतल्या गोष्टीकडे येतो. आमच्या भागातल्या माणसाला ती कलमाच्या उदाहरणाने पटकन कळते.

मानकुराद आंब्याचं कलम दोन तऱ्हांनी मिळवता येतं. एक, नर्सरीत. काडी आणतात, रोपावर बांधतात, पिशवीत वाढवतात. वाळलेली, वाकडी, रोगट कलमं माळी फेकून देतो आणि जगलेलं, पालवी फुटलेलं कलम तुमच्या हातात देतो. दोन, तुमच्या परसात रायवळ आंबा उभाच आहे, त्याच्याच फांदीवर काडी बांधायची. नर्सरी नको, वाहतूक नको, खड्डा नको. मुळं आधीच खोल गेलेली आहेत. पण काडी लागली की नाही, किती फांद्यांवर लागली, हे झाडच ठरवणार आणि तुम्हाला ते नंतर कळणार. मुख्य म्हणजे बिघडलेलं कलम बाजूला फेकायची सोय उरत नाही. जे झालं ते झाडावरच झालं.

आजचं कार-टी नर्सरीतलं आहे. शरीरातच बनणारं कार-टी म्हणजे उभ्या झाडावरचं कलम.

काडी आत पोचवायच्या सध्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली विषाणूची. लॅबमध्ये वापरतात त्या लेंटिव्हायरसचा कोट असा असतो की तो जवळजवळ कुठल्याही पेशीत शिरतो. भांड्यात फक्त टी-पेशी असतात तेव्हा हे चालतं. रक्तात सोडला तर तो यकृत, रक्तवाहिन्या, जे सापडेल त्यात घुसेल. म्हणून त्याचं मूळचं चिकटायचं टोक बोथट करतात आणि टी-पेशीवरची खूण ओळखणारं नवं टोक बसवतात. तो टी-पेशीत शिरला की जीन थेट पेशीच्या डीएनएत जाऊन बसतो. पेशीची दोनाची चार झाली तरी जीन सोबत जातो. गोव्यातल्या वाचकाला सांगायचं तर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढलं. (उताऱ्यावर नाव चढवण्यालाही आपण म्युटेशनच म्हणतो, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.)

दुसरी वाट एमआरएनएची, म्हणजे कोविडच्या काही लशींत होतं तेच तंत्र. चरबीच्या अतिसूक्ष्म गोळीत निरोप भरायचा. अशा गोळ्या शिरेत सोडल्या की बहुतेक यकृताकडे धावतात. त्यांना वळवायला बाहेरून प्रतिपिंड चिकटवतात, जे टी-पेशीवरचं सीडी५ किंवा सीडी८ पकडतं. पेशी गोळी गिळते, निरोप वाचते, अंगावर कार उगवते. काही दिवसांत निरोप विरघळतो आणि कारही जाते. उताऱ्यावर काही चढत नाही. भाडेकरू आला, राहिला, गेला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने जानेवारी २०२२ मध्ये हे उंदरांत करून दाखवलं, तेही कर्करोगासाठी नव्हे तर हृदयातला व्रण कमी करण्यासाठी.

माझं मत विचाराल तर या दोन वाटा एकमेकींच्या स्पर्धक नाहीत, त्यांचे रोग वेगळे आहेत. ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारात बिघडलेल्या बी-पेशी एकदा झाडून काढल्या की नव्या पेशी शहाण्या होऊन येण्याची शक्यता असते. तिथे भाडेकरू पुरेल. २०२५ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी एमआरएनएची ही पद्धत ल्युपसच्या मोजक्या रुग्णांत वापरल्याचं प्रसिद्धही झालं. लिम्फोमात मात्र एक पेशी मागे राहिली तरी पुरते. तिथे पहारेकरी काही महिने तरी टिकायला हवा. एमआरएनएचे डोस पुन्हा पुन्हा देऊन हे जमेल असं म्हणणारे आहेत. जमेलही. मी अजून विषाणूच्या बाजूने झुकलेला आहे.

माणसांत काय झालं? वुहानमध्ये चार रुग्णांना मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी विषाणूच्या वाटेचं औषध दिलं. ते निष्कर्ष जुलै २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. चौघांचाही आजार पूर्वीच्या उपचारांना दाद न देणारा. टी-पेशी काढल्या नाहीत, फ्लुडाराबिन दिलं नाही, एकच डोस. चौघांनीही प्रतिसाद दिला, त्यातल्या दोघांच्या शरीरात रोग सापडेनासा झाला. हे वाचलं त्या दिवशी मी ओपीडी संपल्यावर बराच वेळ तसाच बसून होतो. असे दिवस आमच्या धंद्यात फार येत नाहीत.

पण आकडा चार आहे, आणि पाठपुरावा जेमतेम दोन महिन्यांचा. शिवाय मायलोमा आणि ताईंच्या भावाचा लिम्फोमा हे दोन वेगळे आजार. खूणही वेगळी, तिथे बीसीएमए. पैसेवाल्यांनी मात्र वाट पाहिली नाही. ज्या कंपनीचं ते औषध होतं ती १ अब्ज डॉलरपर्यंतच्या सौद्यात ॲस्ट्राझेनेकाने घेतली; सीडी८ पकडणाऱ्या गोळ्या बनवणारी कॅपस्टन २.१ अब्जांपर्यंतच्या सौद्यात ॲबव्हीने. यावरून एवढंच कळतं की मोठ्या कंपन्यांना हे होईल असं वाटतंय. तुमच्या भावाच्या काखेतल्या गाठीला हे सौदे माहीत नाहीत.

व्हिडिओत न आलेला अर्धा भाग असा.

नर्सरीच्या पद्धतीत पिशवीवर लिहिलेलं असतं की आत किती कार-टी पेशी आहेत, किती जिवंत आहेत, जंतुसंसर्ग नाही, जीन प्रमाणाबाहेर बसलेला नाही. शरीरात बनवताना आपण विषाणूचे कण मोजून देतो. त्यातून पेशी किती होतील हे रुग्णाच्या शरीरावर अवलंबून. एकाच डोसात एकाच्या शरीरात मूठभर, दुसऱ्याच्या शरीरात पूर. औषधाचा डोस आपल्या हातात, परिणामाचा डोस नाही.

दुसरी भीती मला जास्त वाटते. फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. कार-टी बनवताना टी-पेशींच्या गर्दीत ल्युकेमियाची एकच बी-पेशी राहिली होती. जीन तिच्यातही गेला. तिच्या अंगावर कार उगवली आणि त्या कारने तिचंच सीडी१९ झाकून टाकलं. पहारेकऱ्यांना ती दिसेना. ती एक पेशी वाढत गेली, आजार उलटला आणि रुग्ण दगावला. हे झालं चाळण लावलेल्या, तपासलेल्या मालात. रक्तात कर्करोगाच्या पेशी तरंगत असताना तिथेच विषाणू सोडायचा असेल तर त्याचं टोक किती अचूक हवं, याचा विचार करा. हे काम करणारे शास्त्रज्ञ तो करत आहेत, म्हणूनच चाचण्या सावकाश चालल्यात. जीन डीएनएत कुठे जाऊन बसला यावरून पुढे टी-पेशींचाच कर्करोग होण्याची शक्यताही असते. कमी, पण असते. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकी नियामकाने कार-टीच्या वेष्टनावर तसा ठळक इशारा छापायला लावला. अशा रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवायची अपेक्षा असते.

आणि खाट. ‘लॅब नको’ म्हणजे ‘रुग्णालय नको’ असा अर्थ लोक काढतात. उलट आहे. कारखाना वॉर्डात आला. वुहानच्या रुग्णांत काही तासांतच थंडी, ताप, रक्तदाब खाली अशी पहिली लाट आली, ती विषाणूविरुद्धची. पेशी शिखरावर पोचल्या दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या दरम्यान. म्हणजे दुसरी लाट, पेशी लढायला लागल्यावरची, माणूस घरी जायच्या गोष्टी करत असतानाच यायची. या लाटेला आम्ही सीआरएस म्हणतो. ताप १०३, रक्तदाब पडतो, ऑक्सिजन लागतो. ही लाट शमवणारं टोसिलिझुमॅब हाताशी हवं, आयसीयूत जागा हवी, आणि रात्री दोन वाजता ‘हा जंतुसंसर्ग की सीआरएस’ हे ठरवू शकणारा माणूस हवा. इथे गोव्यात, बांबोळीत किंवा पणजीत, उद्या हे औषध कुरियरने आलं तरी त्यामागचं हे सगळं कुरियरने येत नाही.

मेंदूवरचा परिणाम तर आणखी वेगळा. माझ्याकडे पाठपुराव्याला येणारा पेडण्याचा एक रुग्ण मुंबईत कार-टी घेऊन आला. पन्नाशीचा, हायस्कुलात मराठी शिकवणारा. त्याने तिथली एक दोनशे पानी वही जपून ठेवलीय. कार-टीनंतर रोज रुग्णाला काही गोष्टी विचारतात: वर्ष, महिना, गाव, रुग्णालय कोणतं; तीन वस्तूंची नावं; एक सूचना पाळायची; शंभरातून दहा-दहा वजा करत यायचं; आणि एक वाक्य लिहायचं. एकूण गुण दहा. वाक्य रोज तेच ठेवतात, म्हणजे अक्षरातला फरक कळतो. या गृहस्थांनी वाक्य निवडलं होतं: ‘आमच्या घरी चवथीला माटोळी बांधतात.’ (माटोळी म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळाफुलांची चौकट.) पहिले पाच दिवस फळ्यावरचं असतं तसं अक्षर, शिरोरेघ पट्टीने मारल्यासारखी. सहाव्या दिवशी सकाळी ‘आमच्या घरी घरी’, मग ‘मा’, आणि तिथून रेघ उतरत पानाच्या कोपऱ्यात गेलीय. त्या दिवशी बोलताना ते ठीकच वाटत होते म्हणे, बायकोशी भांडलेही. वही पाहून सिस्टरने डॉक्टरांना उठवलं, तासाभरात स्टेरॉइड सुरू झालं. सातव्या दिवसाचं पान कोरं. नवव्या दिवशी वाक्य पूर्ण आहे, फक्त ‘माटोळी’तला ‘ळ’ थोडा लोळलाय. मला ही वही दाखवताना ते ‘ळ’वर बोट ठेवून हसतात. मी ती वही माझ्या नव्या डॉक्टरांना दाखवतो.

आता ताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे.

वेगाने वाढणारा लिम्फोमा वर्षभर थांबत नाही, आठवडे थांबवणंही अवघड. मी पूर्वी ज्या केंद्रात होतो तिथे एका तरुणाच्या पेशी लॅबमध्ये वाढल्याच नाहीत. दुसऱ्यांदा काढेपर्यंत आजार पोटभर पसरला आणि पिशवी तयार झाली तेव्हा तो ती घेण्याच्या स्थितीत नव्हता. शरीरातच पेशी बनवता आल्या असत्या तर तो कदाचित वाचला असता. हे तंत्र लवकर यावं असं मला वाटतं ते अशा लोकांसाठी. पण त्याच गोष्टीतून तुम्ही घ्यायचा धडा उलटा आहे. त्याच्या पेशी वाढल्या नाहीत कारण त्या उशिरा काढल्या, केमोच्या चार फेऱ्यांनी थकलेल्या. आतल्या आत कार-टी बनवायलाही कच्चा माल त्याच टी-पेशींचा लागतो. थांबण्याच्या काळात तग धरायला जी केमो द्याल ती नेमका तोच माल खराब करेल.

म्हणून मुंबईला जाताना या गोष्टी विचारा. गाठीची नव्याने बायोप्सी झाली का आणि तिच्यावर सीडी१९ आहे का? कार-टीपर्यंतच्या काळात काय देणार? त्यात बेंडामस्टिन असेल तर पेशी आधी काढून ठेवता येतील का? हे औषध टी-पेशींना फार मारतं, आणि ही गोष्ट उशिरा लक्षात आल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. काखेपुरतीच गाठ असेल तर तेवढ्यावर रेडिएशन देऊन वेळ काढता येईल का, हेही विचारा. हिपॅटायटिस बी-ची तपासणी फाइलमध्ये आहे ना पाहा. प्रकृती आणि केमोचा प्रतिसाद चांगला असेल तर स्वतःच्याच मूलपेशींचं प्रत्यारोपण हा जुना, कमी खर्चाचा पर्यायही टेबलावर असतो. वर्षाच्या आत उलटलेल्या आजारात कार-टी सरस ठरल्याचे अभ्यास आहेत, तरी भावाच्या बाबतीत काय बसतं हे रिपोर्ट समोर असल्याशिवाय मी बोलणार नाही. पैशांसाठी तिथल्या समाजसेवा विभागाला पहिल्याच भेटीत गाठा, शेवटच्या नव्हे. आणि कोकणकन्येच्या तिकिटाइतकीच महिनाभराच्या खोलीची सोय आधी करा. पेशी दिल्यानंतर काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावं लागतं.

शरीरात कार-टी बनवणारं कुठलंही औषध आजच्या घडीला बाजारात नाही, जगात कुठेही. जे आहे ते चाचण्यांत. भारतात अशी चाचणी सुरू झाली तर ती सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत दिसेल. तुमचे डॉक्टर म्हणाले, ‘यात नाव घालू,’ तर जरूर ऐका. कार-टी चाललं नाही तर पुढे तो दरवाजा उघडा असू शकतो. पण कुणी ‘तेच तंत्र आमच्या क्लिनिकात, तीन इंजेक्शनं, आठ लाख’ म्हणत असेल तर पैसे खिशात ठेवून बाहेर पडा. रोगप्रतिकारक पेशी ‘बूस्ट’ करून देणारी दुकानं आपल्याकडे आहेत. नवं काही वर्तमानपत्रात आलं की त्यांच्या पाट्या बदलतात.

स्तन, तोंड, आतडं यांच्या गाठींबद्दलही हाच व्हिडिओ फिरतोय. तिथे अडचण पेशी कुठे बनवायच्या ही नाहीच. सीडी१९सारखी स्वच्छ खूण त्या गाठींवर सापडत नाही आणि पेशी गाठीच्या आत गेल्या तरी दमतात. नर्सरी बदलून ते सुटत नाही.

आणि हो, भावाला आत्ताच विचारून ठेवा, तो रोज कोणतं वाक्य लिहिणार ते. मराठीत लिहिणार की इंग्रजीत, तेही. पहिलं पान पेशी द्यायच्या आधीचं लागतं, आणि तो डावखुरा असेल तर त्या हाताला सलाइन लावू नका असं सिस्टरना सांगा.